रेघ कुठून ओढायची?

"ताठ बसा. आडवं झाल्यावर आकार बदलतो, म्हणून खुणा आत्ताच करायच्या," असं म्हणत सर्जनबाईंनी पेनाचं टोपण काढलं. थोड्याच वेळात ऑपरेशन होतं. धाकटी पलंगाच्या कडेला उघड्या छातीने बसली होती. समोरच्या खुर्चीत थोरली बहीण आक्का, पर्यवेक्षकासारखी डोळे लावून.

"शेवटचं विचारते," सर्जनबाई म्हणाल्या. "गाठ लहान आहे. भोवतीच्या निरोगी कडेसकट ती काढून उरलेल्याला आकार देता येईल, नंतर रेडिएशन. किंवा पूर्ण स्तन काढायचा. तुमच्या बाबतीत जीव दोन्हींत सारखाच सुरक्षित. फक्त पहिल्यात, तपासणीत कडेला रोग सापडला, तर पुन्हा टेबलावर यावं लागेल. बोला, रेघ कुठून ओढू?"

धाकटीला स्तन ठेवायचा होता. अगदी मनापासून. पण आक्कासमोर बोलायची चोरी! आक्काचा कितीतरी वर्षांपूर्वी पूर्ण काढला होता, आणि तिने हूं की चूं केलं नव्हतं. आजारपणाची रजा संपायच्या आत शाळेत शिकवायला हजर. घरात कुणी जरा कण्हलं, की आजही तिचाच दाखला मिळायचा. अशा वाघिणीपुढे पन्नाशी उलटलेल्या बाईने रूपाचे लाड कोणत्या तोंडाने मागायचे?

"सगळंच काढा," धाकटी म्हणाली. "या वयात कोण बघायला येतंय!" ती हसली खरी, पण डोळ्यांनी दगा दिला. त्या पाण्याची तिला फार लाज वाटली.

"डॉक्टर, हिचं काही ऐकू नका," आक्का कडाडली. "गाठ पुरती निघाली पाहिजे, त्यात कसूर नको. बाकीचं ठेवा, आणि छान दिसेल असं करा. काय गं, खरं की नाही? बोल ना, बाई खोळंबल्यात!"

"ठेवायचाय मला," धाकटी म्हणाली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. बोलली आणि एकदम हलकी झाली. पेनाचं गार टोक छातीवरून फिरू लागलं तशा तिला गुदगुल्या झाल्या.

"आक्का, तुला कसं गं कळलं माझ्या मनातलं? तुला तर कधी काही वाटलंच नाही."

आक्काने पदराचं टोक सारखं केलं. "अजून अंघोळीला गेले," ती म्हणाली, "की मी आधी आरशावर टॉवेल टाकते."