अक्काच्या पाटल्या

सूतगिरणी बंद पडली, तेव्हा घराचे हप्ते भरायला भगवानने थोरल्या बहिणीच्या, शालनअक्काच्या, पाटल्या सोनाराकडे गहाण ठेवल्या. तिनेच त्या आपणहून हातातून काढून दिल्या होत्या. पुढे मिळालेली नोकरीही टिकली नाही. मग तो दिवसा गॅस सिलिंडर पोहोचवायचा आणि रात्री एटीएमवर पहारा करायचा. पाटल्या सुटेपर्यंत अक्काला कोणत्या तोंडाने भेटायचं, म्हणून त्याने मिरजेला जाणंच सोडलं. भाऊबीजेलासुद्धा तो गेला नाही.

अखेर पाटल्या सुटल्या. त्याच दिवशी त्याने मिरजेची एसटी धरली.

अक्का खाटेवर पडून होती. अंगावर मांस म्हणून उरलं नव्हतं. "दोन वर्षं झाली, आईला कॅन्सर आहे," भाचीने सांगितलं.

भगवानने पाटल्या अक्काच्या हातात घातल्या. तिने हात उचलला, तशा त्या कोपरापर्यंत घसरल्या.

"मला कळवलं का नाहीस, अक्का?"

"कळवलं असतं, तर तुला वाटलं असतं, अक्का पाटल्या मागतीय," ती हळू आवाजात म्हणाली. "रिकाम्या हाताने आला असतास, तरी चाललं असतं रे मला."