नावाडी उतरला

चिपळूणच्या आपल्या छोट्याशा ऑफिसात हेमांगी पेटकरने सकाळी संगणक सुरू केला, तेव्हा तिने बनवलेल्या गेममधली माणसं रोजच्यासारखी तक्रारी घेऊन थांबली होती. एकाच्या विहिरीत पाणी दिसत नव्हतं, एकीची बकरी भिंतीतून आरपार जात होती. हेमांगीने दोन्ही गोष्टी दुरुस्त केल्या. मग नावाडी गेनू संकोचत म्हणाला, "ताई, आज माझ्या पोरीचं लग्न आहे आणि मला होडीतून उतरताच येत नाही."

हेमांगी चपापली. गेनूला तिने फक्त बसून वल्हवायला शिकवलं होतं. उठणं त्याला दिलंच नव्हतं.

"संध्याकाळी गेम लोकांसाठी खुला होतोय," तिचा भागीदार जुबेर म्हणाला. "आता होडीला हात लावलास तर अख्खी नदी बंद पडेल."

"पडली तर बघू. बाप लग्नाला नको का?"

दुपारी गेनू उठला, काठावर पाय टाकला आणि गुडघ्यापर्यंत रुतला. "ताई, जमीन पातळ झालीय!" तो ओरडला. जुबेरला हसू आवरेना. तो खुर्ची ओढून शेजारी बसला आणि दोघं जमिनीच्या मागे लागले. चौथ्या प्रयत्नाला गेनू चालला, मग धावतच सुटला. नदीही वाहत राहिली.

मांडवात नवरी वळली. ज्याला जन्मभर बसलेलंच पाहिलं, त्या बापाकडे ती मान वर करून बघतच राहिली.

"आबा, तुम्ही एवढे उंच आहात?"