पोळ्याचा रंग

"उद्या रिसोडचा मिस्त्री येऊन राह्यला," हेमसिंग म्हणाला. "गाडी खोलून पाहणार हाय. ब्रेक कायनं गेले ते सांगन तो."

गफ्फारनं चहाचा कप ओठाशी नेला होता, तो तसाच खाली ठेवला.

गाडी अंगणातच उभी होती. डावी बाजू पार चेपलेली, दार दोरीनं बांधलेलं. बोनट उघडं होतं आणि आत इंजिन लालभडक चमकत होतं. आल्यापासून गफ्फारनं तिकडं एकदाही पाहिलं नव्हतं. हेमसिंगनं ते बरोबर हेरलं होतं.

दिवाळीच्या तोंडावर हेमसिंगचा बादल गेला. किन्हीराजाच्या अलीकडच्या उतारावर गाडी थांबलीच नाही. पंचनाम्याला आलेल्या साहेबानं बोनटखाली कोपऱ्यातल्या एका लहान डबीचं टोपण काढून दाखवलं होतं. ही ब्रेक ऑइलची डबी, आणि ही कोरडी आहे.

तेव्हापासून हेमसिंगच्या आत काही हलत नव्हतं. भाकरी खायचा, चव लागत नसे. लोक भेटायला येऊन रडायचे, हा त्यांनाच पाणी आणून द्यायचा. एकुलता एक पोरगा गेला आणि बापाच्या डोळ्याला टिपूस नाही, असं तांड्यातल्या बायका कुजबुजत. त्याला त्याचंही काही वाटत नसे. हे कोणामुळं झालं, एवढं एकदा कळलं पाहिजे, या एका गोष्टीवर तो उभा होता. आणि ते जवळजवळ कळलंच होतं. गाडीला शेवटचा हात गफ्फारचा लागला होता.

गफ्फारचं गॅरेज जऊळक्याच्या स्टेशनाजवळ होतं. बादल तिथंच शिकला, त्याला चाचा म्हणायचा. रोज सकाळी बोनट उघडायचं, वाकून आत नजर फिरवायची, कशालाही हात न लावता बोनट आपटायचं आणि निघायचं, ही सवय त्याला चाचानंच लावलेली. हेमसिंगला गंमत वाटायची. लोक देवाचं तोंड बघून दिवस सुरू करतात, आमचं येडं इंजिनाचं बघतं!

म्हणून तर पोळ्याला त्यानं तेच रंगवलं होतं. बैलजोडी विकून गाडी घेतलेली, मग शिंगं रंगवायची कोणाची? रंगाचा डबा तर घरात होता. बादल झोपेतून उठायच्या आत हेमसिंग बोनट उघडून बसला आणि पोरगं रोज जिथं वाकून बघतं, ते सगळं त्यानं लालेलाल करून टाकलं. पाइपांना सोनेरी पट्टे मारले. शिंगं रंगवून मुरलेला हात, बोटभर जागा सुटली नाही. बादल उठून आला, आत बघत बराच वेळ उभा राहिला, मग हसला.

"बा, आता बाशिंग तेवढं राह्यलं."

तो रंग अजून तसाच होता. पोळ्याचा रंग कोणी खरवडत नाही, तो आपोआप झडू देतात.

"कायले बोलावता मिस्त्री?" गफ्फार म्हणाला.

"मंग तूच सांग. ऑइल भरलं होतं का नाही?"

आजवर ज्यानं विचारलं त्याला गफ्फार छातीवर हात ठेवून सांगत आला होता की भरलं होतं, काठोकाठ भरलं होतं. आज त्याचा हात मांडीवरून उठला नाही.

"नव्हतं," तो म्हणाला. "भराचं राह्यलं. माही चूक झाली, भाऊ."

दारात उभ्या असलेल्या बादलच्या आईनं, चंदाबाईनं, तोंडाला पदर लावला. हेमसिंगला वाटलं होतं, हे ऐकलं की आपण त्याचा गळाच धरू. पण हात उचललाच नाही.

"मंग इतके दिवस खोटं काहून बोलला?"

"भेलो."

"अन् बादलले सांगितलं होतं का कधी, का ऑइल पाहून घे म्हणून?"

"सांगितलं होतं. मी त्याले म्हटलं होतं, का तेवढं एक..." गफ्फार थांबला.

"काय एक?"

"काई नाही. पोराची चूक नाही. तुमची नाही. माही हाय. तांड्यात सगळ्याइले सांगा. मी गॅरेज बंद करतो, अकोल्याले निघून जातो. फक्त गाडी मले नेऊ द्या, आत्ताच. मिस्त्रीले नका बोलावू."

हेमसिंग पहिल्यांदाच हसला, पण ते हसू काही खरं नव्हतं. "पुरावा न्यायले आला व्हय?"

"तसंच समजा."

"गाडी हालणार नाही. चाल, निघ."

गफ्फार उठला. जाता जाता त्यानं उघड्या बोनटात पाहिलं आणि त्याचे डोळे भरून आले.

"लय जीव होता पोराचा तुमच्यावर," तो म्हणाला आणि फाटकाबाहेर पडला.

चंदाबाई बादलीत पाणी आणि फडकं घेऊन आली. "उद्या परका माणूस पाहन. पुसून तरी ठेवा. बादलले धूळ चालत नव्हती."

हेमसिंग पुसायला लागला. आपल्याला आता हलकं वाटायला हवं, असं त्याच्या मनात आलं. सगळं कळलं होतं, गुन्हेगारानं तोंडानं कबूल केलं होतं. तरी आत काहीच हललं नाही.

लोखंडावरचा रंग पक्का बसला होता. कोपऱ्यातल्या त्या लहान डबीवर मात्र ओलं फडकं जोरात फिरलं आणि लाल पापुद्रा सुटून त्याच्या हातात आला. खाली पांढुरकं प्लास्टिक होतं. त्यावर ऑइल किती उरलं ते दाखवणाऱ्या दोन आडव्या रेघा होत्या, एक वर, एक खाली.

बादल रोज सकाळी वाकायचा तसा हेमसिंग वाकला. टोपणाला हात न लावता, बाहेरूनच, डबीतलं सगळं तळापर्यंत स्वच्छ दिसत होतं.