पोळपाट

अधिकातलं धोंड्याचं जेवण जेवून तिचा नवरा तिला शेजारी बसवून सासुरवाडीहून, अजिंठ्याहून परतत होता; कपाळावर जावयाच्या मानाचं कुंकू, तोंडाला दारूचा भपकारा आणि एका हातात स्टेअरिंग. हर्सूलपाशी पोलिसांची नाकाबंदी दिसली आणि वाघाची शेळी झाली. गाडी अलीकडंच थांबवून त्यानं तिला आपल्या जागी ओढलं. “चावी धर. तूच चालवत होतीस म्हण. मागं दंडावर सुटलो, आता आत घालतील!” लग्न झाल्यापासून हाच शूरवीर तिला ऐकवायचा, “स्टेअरिंग म्हंजी काय पोळपाट हाय, बायकांनी हात लावायला?” माहेरी ट्रॅक्टरनं रान नांगरलेली ती गुमान ऐकून घ्यायची. हवालदार खिडकीशी आला. “ताई, तुम्ही चालवत होतात? मग जरा पुढं घेऊन दाखवा.” नवऱ्यानं शेजारून हात जोडले. तिनं चावी हवालदाराच्या हातावर ठेवली. “मला कसं जमंल, साहेब? स्टेअरिंग म्हंजी काय पोळपाट हाय?”