शेवटच्या ढिगाचा वास

पाव जळून कोळसा झाला आणि लेटीला पत्ताच नाही.

चुलीपासून चार हातांवर तर बसली होती ती. समोर बारेंडकाका, मध्ये चहाचे दोन कप. त्यांची बायको द्रीनाकाकू अंगणातून धावत आली आणि तिनं भट्टीचं दार उघडलं.

"दोन दोन नाकं इथं बसलीत," काकू म्हणाली, "आणि जळका वास मला तिकडं अंगणात येतो. लक्ष कुठंय तुमचं?"

"आजच्या ढिगात," काका म्हणाले आणि उठले. "चल लेटे. झुंजूमुंजू झालं."

लेटीला गेल्या हिवाळ्यात ताप आला, तो गेला, पण जाताना तिचं नाकच घेऊन गेला. आता कशाचाच वास येत नव्हता. पावाचा नाही, पाऊस पडल्यावर डोंगराचा नाही, कपातल्या चहाचा तर नाहीच. तिनं आईलासुद्धा सांगितलं नव्हतं.

सांगणार तरी कसं? दक्षिण आफ्रिकेतल्या सीडरबर्गच्या या डोंगरात रॉयबॉसचा लाल चहा नाकावर चालतो. झुडपं कापायची, बारीक करायची, ठेचायची, पाणी मारून खळ्यावर ढीग लावायचा. रात्रभर ढिगाला घाम सुटतो, हिरव्याचं लाल होतं आणि सकाळी कधीतरी एकदम मधासारखा वास सुटतो. तेवढी वेळ साधायची. दाताळं घालून ढीग फोडायचा आणि उन्हात पसरायचा. घाई केली तर चहा कच्चा, उशीर केला तर आंबट. मग किटली दिवसभर चुलीच्या मागच्या कडेला उकळत ठेवा नाहीतर फेकून द्या, सारखंच.

गावाचं नाक म्हणजे बारेंडकाका. लेटी चार वर्षं त्यांच्या हाताखाली होती. आज मोसमातला शेवटचा ढीग, नऊ घरांचा. तो नीट फुटला की काका सगळ्यांसमोर दाताळं तिच्या हातात देणार होते. बिघडला तर नऊ घरांचं वर्ष बुडणार, आणि लेटी बहिणीसारखी खाली खोऱ्यात, संत्र्यांच्या पेट्या भरायला.

यंदाचे बारा ढीग तिनं निभावले होते. कसे? काकांचं तोंड बघून. दोघं ढिगाच्या दोन बाजूंना समोरासमोर उभी राहायची. काकांनी घसा खाकरला, भुवई हलवली की लेटी म्हणायची, "आता." बाराही ढीग पहिल्या प्रतीचे ठरले.

पण हल्ली तिची झोप उडाली होती. काका ढिगाकडे बघतच नव्हते. तिच्याकडे बघायचे. एकटक, पापणी न लववता. त्यांना कळलंय, तिला वाटायचं. नक्की कळलंय.

खळ्यावर नऊ घरांची माणसं आधीच जमली होती. काका पलीकडे उभे राहिले, लेटी अलीकडे. ढिगातून वाफ निघत होती. लेटीनं छातीभर श्वास घेतला. नुसती गरम हवा.

"काय गं?" काकांनी विचारलं.

"थोडं थांबू या," लेटी म्हणाली.

थांबले. डोंगराच्या शेंड्यावर ऊन आलं, मग अर्ध्या उतारावर आलं. काकांचा चेहरा दगडासारखा. डोळे तिच्यावर.

"लेटे, नाकाला आज सुट्टी दिलीस का?" कोबसनं मागून विचारलं. त्याचा चहा ढिगात सगळ्यांत जास्त होता. दोघंतिघं हसली.

"कोबस, तुझे मोजे लांब ने आधी," काका म्हणाले. "पोरीला वास घेऊ दे."

तेवढ्यात काकू किटली घेऊन आली, दर ढिगाला नेमकी याच वेळी यायची तशी. "उभे काय राहिलात सगळे? चहा घ्या, चला."

काकांनी घसा खाकरला. लेटीनं झटकन मान वर केली. "आता," ती म्हणाली.

"आता," काका लगेच म्हणाले.

दाताळं आत गेलं. ढीग फुटला आणि आतून लालभडक चहा सांडला, विटेसारखा लाल. कुणीतरी टाळी वाजवली. काकूनं त्यातलाच मूठभर उचलून भांड्यात टाकला आणि तिथंच तीन दगडांवर उकळवला. पहिला घोट कोबसला.

"साखर किती घातलीस?"

"एक दाणा नाही," काकू म्हणाली.

कोबसनं कप परत पुढं केला. त्याच्या सुनेनं मांडीवरच्या बाळाला चमचाभर पाजला, तर बाळानं चमचाच धरून ठेवला. लेटीनंही घोट घेतला. गरम पाणी.

"गोड आहे," ती म्हणाली.

काकांनी दाताळं तिच्या हातात दिलं. सगळ्यांनी पाठ थोपटली. मग काका तिला खळ्याच्या भिंतीमागं घेऊन गेले.

"मोसमभर तू माझ्याकडे बघत होतीस," ते म्हणाले.

लेटीनं दाताळं भिंतीला टेकवलं. "काका, मी सांगणारच होते—"

"गप. आधी माझं ऐक. तुला कळलंय, हे मला कधीच समजलं होतं. तरी गावात एक शब्द बोलली नाहीस. लई उपकार झाले, पोरी."

काकांनी कप भिंतीवर ठेवला.

"दोन वर्षं झाली, या नाकाला कशाचाही वास येत नाही," ते म्हणाले. "गेल्या वर्षीचे काय, यंदाचे काय, सगळे ढीग मी तुझं तोंड बघूनच फोडलेत."