भाकर आणि कोकरू

नानाजीने टेम्पोतून कोकरू उतरवलं आणि फाटकाच्या आत आणून उभं केलं. गुळगुळीत फरशीवर त्याचे खूर घसरले. ओट्याला बांधलेला कुत्रा, चांद्या, उठून उभा राहिला.

"सकाळपासून काही देलं नाई नं त्याले?" नानाजीने विचारलं.

कुसुमावतीने नाही म्हणून मान हलवली. त्या उपासापायी सून हर्षा सकाळपासून तिच्याशी धड बोलली नव्हती. बिस्किटाचा पुडा घेऊन ओट्यावर आली, तर सासूने तिला तशीच आत पाठवली होती.

नानाजी मेंढरांचा माणूस. त्याचा कळप सध्या उमरेडच्या रस्त्याला, तूर निघालेल्या एका वावरात बसला होता. राखणीचा म्हातारा कुत्रा यंदाच्या थंडीत गेला. कुत्री माजावर आली होती, आणि गावातलं कुठलंही कुत्रं तिला लागण्याआधी त्याला चांद्या हवा होता. चांद्याची आई त्याच्याच कळपातली. पण मेंढरांत जन्मलेला प्रत्येक कुत्रा मेंढरांचा राहतोच असं नाही. कुसुमावतीचं शेत विमानतळाजवळच्या मिहान प्रकल्पात गेलं तेव्हा चांद्या जेमतेम वर्षाचा होता. त्यानंतर त्याने प्रताप नगरचं हे अंगण पाहिलं आणि फाटकाबाहेरचा रस्ता. म्हणून ही परीक्षा. उपाशी कुत्र्यापुढे भाकर ठेवायची आणि भाकरीपाशी कोकरू सोडायचं. कोकरावर गुरगुरला, तर त्याचं बीज कळपात घ्यायचं नाही.

"आमचा चांद्या कोनालेच काही करत नाई," हर्षा दारातून म्हणाली.

"शहरात पोरं बिघडतात, सूनबाई. हा त कुत्रा हाय."

कुसुमावतीने दुधात कुस्करलेल्या भाकरीचं जर्मनचं ताट आणलं. ते खाली ठेवताना तिचा हात ताटाच्या काठावरच राहिला. कळपात गेलेला कुत्रा मनाने परत येत नाही, हे तिला ठाऊक होतं. तिचा मुलगा पंकज या घडीला मिहानातच कामावर होता, पण आपली विहीर कुठे होती, हे त्याला आता दाखवता येत नसे. आपल्या त्या वावरात उघड्यावर झोपलेले या घरात दोघंच उरले होते, ती आणि चांद्या.

नापास होऊ दे, तिच्या मनात आलं. तिने हात काढून घेतला आणि साखळी सोडली.

चांद्याने ताटात तोंड घातलं. कोकरू लुटूलुटू आलं, त्याच्या पायांतून वाकलं आणि दुधाला तोंड लावलं. मग पुढचे दोन्ही पाय ताटात टाकून उभंच राहिलं.

चांद्या गुरगुरला.

कुसुमावतीला एकदम हलकं वाटलं. नानाजी कोकरू उचलायला वाकला आणि वाकलेलाच थांबला. चांद्या कोकराकडे पाहतच नव्हता. फाटकाच्या गजांतून कॉलनीतलं एक मोकाट कुत्रं नाक आत खुपसत होतं. चांद्याने ताट सोडलं, कोकराला पाठीशी घातलं आणि फाटकाकडे तोंड करून आडवा उभा राहिला. बाहेरचं कुत्रं निघून गेलं. तरी तो हलला नाही. त्याच्या मागे कोकरू त्याची भाकर चाटत राहिलं.

नानाजीने कोकरू काखेत घेतलं, तेव्हा कुठे तो ताटाकडे परतला.

"आठ दिवसांत आणून सोडतो," नानाजी म्हणाला. "अन् पिल्लांतलं पह्यलं तुमचं. रिवाजच हाय."

"पिल्लू तिथंच राहू द्या. इथं काय राखंन ते?"

"अन् चांद्याले त आणू नं परत?"

वावराला काटेरी कुंपण आहे की उघडंच, पाणी कुठून आणता, रात्री शेकोटी पेटवता का, असं ती विचारत राहिली. रुखमाबाई अजून मेंढरांतच निजते का, हेही विचारलं. अजून तिथंच, नानाजी म्हणाला. घरात बायकोला झोपच येत नाही. मग हसून म्हणाला, "तुमीच चला नं मंग, वहिनी. वरमाय पायजेच."

"गुडघे जिना चढू देत नाई, अन् निघाल्या मेंढरांत," हर्षा म्हणाली. तीही सकाळपासून पहिल्यांदा हसली.

कुसुमावतीसुद्धा हसली. मग पदराने तोंड पुसून म्हणाली, "घेऊन जा. अन् आठ दिवस मोजत बसू नका. त्याले यायचं असंन तवा आणा."

नानाजीने कोकरू टेम्पोत ठेवलं. चांद्या मात्र चढेना. नानाजीने ओढलं, चुचकारलं. तो पुढचे पाय फळीवर ठेवायचा आणि मागे वळून कुसुमावतीकडे पाहायचा. शेवटी हर्षाने प्लास्टिकचं स्टूल आणलं. तिच्या खांद्याचा आधार घेऊन कुसुमावती एकेक पाय उचलत वर चढली. आत कुटाराचा भुसा पसरला होता, त्यात लेंड्या होत्या आणि ओल्या लोकरीचा वास भरला होता. ती पोत्यावर टेकली आणि तिने कुटारावर थाप मारली. चांद्या एका उडीत आत आला.

नानाजीने गाडी सुरू केली. हर्षाने फळीपाशी येऊन हात पुढे केला.

"या आई, उतरा आता."

"थांब वं," कुसुमावती म्हणाली. "त्याले नीट बसू दे."

कोकराला पोटाशी घेऊन चांद्या केव्हाच झोपला होता.