बटाट्याचा मिथेन

"हे उत्तर लेखनिकानं सांगितलं ना तुला?" दाभाडे सरांनी प्रयोगशाळेच्या टेबलावर पेपर आपटला. अख्ख्या वर्गात कुणालाच न जमलेला मिथेनचा आकार जन्मांध तनुजाला जमावा, हे काही केल्या त्यांच्या पचनी पडत नव्हतं.

"तो कॉमर्सचा आहे, सर. मी सांगत होते तेवढंच लिहीत होता."

म्हणजे पोरीनं घोकलं असणार. सरांनी आपल्या उपासाच्या डब्यातला उकडलेला बटाटा आणि बर्नरजवळच्या काडेपेटीतल्या चार काड्या तिच्या हातात दिल्या. "हा कार्बन, हे त्याचे बंध. कर मिथेन."

तनुजानं एक काडी वर खोचली. उरलेल्या तीन काड्या बोटांनी अंतर चाचपत खालून फाकवून बसवल्या. बटाटा तिपाईसारखा टेबलावर उभा राहिला.

"कुणी शिकवलं?" सरांचा संशय अजून जात नव्हता.

"तुम्हीच. कार्बनच्या चार ऑर्बिटल, म्हणजे इलेक्ट्रॉनांची घरं, मिसळून चार अगदी सारख्या होतात आणि एकमेकींपासून होईल तितक्या लांब पळतात, असं म्हणालात ना? मग एकाच पातळीत कशाला अडकून राहतील? वर-खालीही जागा आहेच की."

"अगं, हेच बाकीच्यांनीही ऐकलं. त्यांनी का मग सपाट फुली काढली?"

"त्यांना फळा दिसतो, सर."

सरांनी मागे वळून पाहिलं. फळ्यावर सकाळच्या तासाचा मिथेन अजून तसाच होता, त्यांच्याच हातचा, सपाट.